घाटात तापणारी जुनी कॅम्पर व्हॅन: हेड उघडण्याआधी काय बघायचं

पुण्याच्या एका गृहस्थांचा प्रश्न आहे. थोडक्यात असा: २००७ सालची ट्रॅव्हलर मिनीबस, आधी सहलींना भाड्याने फिरणारी. चार वर्षांपूर्वी त्यांनी ती घेतली आणि आत पलंग, ओटा, छोटी न्हाणी आणि इंजिनाच्या उष्णतेवर तापणारी पाण्याची टाकी बसवून घेतली. सपाट रस्त्यावर तापमानाचा काटा निम्म्यावर असतो. गुहागरहून परतताना कुंभार्ली घाटात, पायथ्याचं पोफळी मागे टाकल्यावर दहा-बारा मिनिटांत काटा लाल पट्ट्यात गेला. अर्धा तास थांबल्यावर खाली आला, पुढच्या चढाला पुन्हा वर. दर तीन-चारशे किलोमीटरला लिटर-दीड लिटर पाणी घालावं लागतं, पण गाडीखाली थेंब दिसत नाही. रेडिएटर नवा घातला, वॉटर पंप नवा घातला, थर्मोस्टॅट काढून टाकला. चाळीस हजार गेले. आता फिटर म्हणतो, हेड (सिलिंडरांवर बसणारा इंजिनाचा वरचा भाग) उघडू, जमलं तर इंजिनच पूर्ण खोलून दुरुस्त करून टाकू. घरचे म्हणतात, विकून टाका. काय करावं? शिवाय जूनमध्ये लेहला जायचा बेत आहे, तो ठेवावा का?

मी कराडला गेली अठ्ठावीस वर्षं गॅरेज चालवतो. कुंभार्ली चढून तापलेल्या गाड्या हेळवाक-कोयनानगर करत माझ्या दारात येतात, त्यामुळे हा प्रश्न माझ्या रोजच्या कामातला आहे. गाडी समोर नसताना निदान करणं धोक्याचं असतं. म्हणून मी कुठे खात्रीने बोलतोय आणि कुठे तुमच्या गाडीवर अवलंबून आहे, ते त्या त्या जागी सांगतो.

सगळ्यात आधी, 'इंजिन करायचं की गाडी विकायची' हा आजचा प्रश्नच नाही. तीन भाग बदलले गेले, पण उष्णता कुठे अडते आहे आणि पाणी कुठे जातं आहे हे अजून कुणी शोधलेलं नाही. रेडिएटर, पंप, थर्मोस्टॅट, हेड या क्रमाने बदलत जाणं म्हणजे तापाच्या रोग्याला रक्त न तपासता रोज नवी गोळी देणं. आणि तुमच्या वर्णनात दोन तक्रारी आहेत, एक नाही. गाडी चढाला तापते ही एक, पाणी कमी होतं ही दुसरी. दोन्हींचं मूळ एकच असेल किंवा वेगवेगळी असतील. दोन्ही एकत्र धरून शोधायला गेलं की माणूस चुकतो, म्हणून मी त्या वेगळ्या घेतो.

तापण्यापासून सुरू करू. गाडी तापते एवढ्यावरून काही कळत नाही. ती केव्हा तापते, यावरून बरंच कळतं. सिग्नलला, गर्दीत उभी असताना तापत असेल तर वारा कमी पडतोय, म्हणजे पंखा. हायवेला ऐंशी-नव्वदच्या वेगात तापत असेल तर वारा भरपूर आहे पण पाणी पुरेसं फिरत नाही, म्हणजे रेडिएटरच्या नळ्या चोंदलेल्या, नाहीतर खालचा होजपाइप पंपाच्या ओढीने आत चिपकतोय. सकाळी थंड गाडी सुरू करून पाच-सात मिनिटांतच काटा चढत असेल तर हेड गॅस्केटकडे, म्हणजे हेडखालच्या पातळ सीलकडे, आधी बघावं लागतं. आणि तुमच्यासारखी फक्त चढाला, दुसऱ्या गिअरमध्ये वीस-पंचवीसच्या वेगात तापत असेल तर? तिथे इंजिन पूर्ण ताकद लावत असतं आणि समोरून वारा जवळजवळ नसतो. डिझेलमधल्या ऊर्जेपैकी ढोबळमानाने एक तृतीयांशच चाकाला मिळते. उरलेली उष्णता होते, आणि तिचा मोठा वाटा पाण्याला वाहून न्यावा लागतो. सपाटीला झाकून राहिलेली प्रत्येक लहान उणीव चढाला एकदम उघडी पडते. ढिला बेल्ट, आळसावलेला पंखा, जादा वजन, हवा अडकलेली पाण्याची लाइन: यातलं एकेकटं सपाटीला जाणवत नाही, पोफळीच्या वर सगळं मिळून जाणवतं.

आता थर्मोस्टॅट. इथे मी ठाम आहे: तो परत बसवा, आणि आधी बसवा. आपल्याकडे गाडी तापली की थर्मोस्टॅट काढून फेकायची जुनी पद्धत आहे. मी शिकत होतो तेव्हा माझे उस्तादही तेच करायचे. त्यामागचा समज असा की अडथळा गेला म्हणजे पाणी मोकळं फिरेल. तुमच्या गाडीचं इंजिन मर्सिडीजच्या ओएम ६१६ या जुन्या डिझेल इंजिनाच्या घराण्यातलं आहे, आणि या घराण्यात थर्मोस्टॅट दोन कामं करतो. इंजिन थंड असताना तो रेडिएटरची वाट बंद ठेवतो आणि पाणी एका आडवाटेने, म्हणजे बायपासने, इंजिनातल्या इंजिनात फिरवतो. पाणी साधारण ऐंशीच्या पुढे गेलं की तो रेडिएटरची वाट उघडतो आणि त्याच वेळी त्याची मागची तबकडी बायपास बंद करते. थर्मोस्टॅट काढला की रेडिएटरची वाट उघडी झाली खरी, पण बायपासही कायमचा उघडा राहिला. पाणी सोपी वाट धरतं. मग गरम पाण्याचा एक हिस्सा रेडिएटरचं तोंडही न बघता पुन्हा इंजिनात शिरतो. सपाटीला ते खपतं, घाटात खपत नाही. म्हणजे दुरुस्ती म्हणून जे केलं गेलं त्यानेच तक्रार वाढली असण्याची दाट शक्यता आहे. नवा थर्मोस्टॅट घेताना मागची तबकडी असलेलाच घ्या. बसवण्याआधी पातेल्यात पाणी तापवून, दोऱ्याला टांगून, तो उघडतो का ते स्वतः बघा. नवेसुद्धा अडकलेले निघतात.

पुढचा मुद्दा फक्त कॅम्पर व्हॅनचा आहे आणि नेहमीचे फिटर तिथपर्यंत पोचत नाहीत. तुमची गाडी कंपनीतून आली तेव्हाची गाडी आता राहिलेली नाही. आत घर बांधणाऱ्याने तिच्या थंड राहण्याच्या व्यवस्थेत हात घातला आहे, बहुतेक त्याच्याही नकळत. मी अशा गाडीत आधी पाच गोष्टी बघतो, आणि त्यातल्या निदान दोन तरी सापडतात.

पहिली, गरम पाण्याची टाकी. इंजिनातलं तापलेलं कूलंट (इंजिन थंड ठेवणारं औषध मिसळलेलं पाणी) दोन होजपाइपांतून मागे नेऊन टाकीतल्या वेटोळ्यातून फिरवतात आणि परत आणतात. कल्पना चांगली आहे. पण हे पाइप फरशीखालून जाऊन पलंगाखाली वर चढतात, आणि टाकीचं वेटोळं कित्येकदा रेडिएटरच्या तोंडापेक्षा उंच बसतं. पाण्यातली हवा नेहमी सगळ्यात उंच जागी जाऊन बसते. रेडिएटर तोंडापर्यंत भरलेला दिसतो आणि मागे वेटोळ्यात लिटरभर हवा असते. चढाला गाडीचं नाक वर होतं, ती हवा पाइपातून सरकत येते, पंपात शिरते आणि पंप पाण्याऐवजी हवा घुसळायला लागतो. दोन वर्षांपूर्वी कोल्हापूरच्या एका कुटुंबाची व्हॅन माझ्याकडे अशीच आली. तिचंही हेड उघडायचं ठरलं होतं. मी फक्त इंजिनापाशी ते दोन्ही पाइप सोडले, तिथल्या तिथे एका छोट्या वळणाच्या होजने जोडून टाकी बाजूला काढली, हवा सोडवली आणि म्हटलं, कुंभार्ली उतरून परत चढून या. काटा निम्म्याच्या वर रेघभर गेला, तेवढाच. नंतर वेटोळ्याच्या उंच टोकाला हवा सोडायचा नळ बसवून टाकी पुन्हा जोडली.

तुम्हीही हाच प्रयोग करा. अर्ध्या तासाचं काम आहे, खर्च दोन-चारशे रुपयांचा. यात निकाल स्पष्ट मिळतो: टाकी अशी बाजूला काढल्यावर तापणं थांबलं तर दोष मागे, नाही थांबलं तर पुढे.

दुसरी, पंख्याभोवतीची काउलिंग. नवा रेडिएटर घालताना ती प्लास्टिकची कड नीट बसली नाही की कोपऱ्यात टाकून देतात. ती नसेल तर पंखा रेडिएटरमधून हवा ओढायच्या ऐवजी आजूबाजूची गरम हवाच घुसळत बसतो. रेडिएटरच्या दोन्ही बाजूंचे रबरी पडदेही असेच गायब होतात. तपासायला सोपं आहे. इंजिन गरम असताना रेस थोडी वाढवा आणि समोरच्या जाळीवर वर्तमानपत्राचं पान धरा. पान जाळीला चिकटून बसलं पाहिजे. गळून पडलं तर पंखा काम करत नाही. पंख्याला व्हिस्कस कपलिंग (इंजिन तापलं की पंखा घट्ट धरणारा, आत सिलिकॉनचं तेल असलेला जोड) असेल तर गरम इंजिन बंद करून पंखा हाताने फिरवून बघा, हाताला चांगला जोर लागला पाहिजे. भिंगरीसारखा गरगरत असेल आणि कपलिंगच्या मध्यावर तेलकट चिकट धूळ बसलेली असेल, तर आतलं सिलिकॉन गळून गेलं आहे. ते कपलिंग दुरुस्त करून घेण्यापेक्षा नवंच घालावं.

तिसरी, इंजिनाचं झाकण. ट्रॅव्हलरचं इंजिन निम्मं केबिनमध्ये येतं. आवाज आणि धग आत येऊ नये म्हणून घर बांधणारे त्या झाकणाला आतून-बाहेरून जाड फोम नि गालिचा मारतात. झाकणाच्या वरून मारला तर चालतो. पण इंजिनाच्या मागून आणि खालून गरम हवा बाहेर पडायची जी वाट असते ती बुजवली, तर रेडिएटरमधून आत आलेली हवा जाणार कुठे?

चौथी, समोरचा अडथळा. जाळीपुढे जादा दिवे, नंबरप्लेटची मोठी पट्टी, कुणी कुणी तर सायकलही टांगतात. एसी असेल तर त्याचा कंडेन्सर रेडिएटरच्या पुढे असतो. दोन्हींच्या मधल्या फटीत गवताचं कुसळ, किडे, धूळ यांची गादी तयार होते. समोरून बघून ती दिसत नाही. कंडेन्सर सुटा करून मधून पाणी मारावं लागतं, तेही हलक्या धारेने, कारण जोराच्या धारेने ॲल्युमिनियमच्या पाकळ्या आडव्या पडतात.

पाचवी, वजन. शंभर लिटर पाणी म्हणजे शंभर किलो. त्यावर बॅटऱ्या, प्लायवूड, गॅसची टाकी, गाद्या, छपरावरचे सोलर पॅनेल, माणसं. सगळं भरून एकदा वजनकाट्यावर गाडी लावा आणि आकडा आरसीवरच्या भरलेल्या वजनाशी ताडून बघा. दहा टक्के वजन जास्त म्हणजे चढाला जवळजवळ तेवढीच उष्णताही जास्त. घाट चढताना पाण्याच्या टाक्या काठोकाठ भरलेल्या असायची गरज नसते. घाटमाथ्यावर पाणी मिळतं.

यांच्याबरोबर बेल्टही बघून घ्या. चढाला घसरणारा बेल्ट पंप नि पंखा दोन्ही मंद करतो. आणि घाट चढून थांबलात की चारही चाकांच्या मधोमध हात जवळ नेऊन बघा. एखादं बाकीच्यांपेक्षा फार तापलं असेल तर ब्रेक धरतोय, आणि इंजिन तोही भार ओढत आहे.

आता दुसरी तक्रार, पाणी जातं कुठे. थेंब दिसत नाही म्हणून पाणी हेडमधूनच जातं असं फिटरने ठरवलं असेल, पण ते घाईचं आहे. गरम इंजिनावर पडलेला थेंब खाली पोचायच्या आत वाफ होऊन जातो आणि जागेवर फक्त पांढरट-हिरवट डाग उरतो. वॉटर पंपाच्या पोटाखाली एक बारीक भोक असतं. आतलं सील गेलं की पाणी तिथून झिरपतं. तिथे असा ओघळ आहे का, बघा. नवा पंप आहे म्हणून सोडून देऊ नका.

मग रेडिएटरचं झाकण. याला आपल्याकडे कुणी भाग मानत नाही. झाकणातली स्प्रिंग व्यवस्थेत दाब धरून ठेवते, कित्येक गाड्यांत ०.९ बारच्या आसपास, आणि त्या दाबामुळे साधं पाणीही शंभराऐवजी ११८-११९ अंशांना उकळतं. स्प्रिंग मेली किंवा रबर कडक झालं की पाणी लवकर उकळतं, रेडिएटरशेजारच्या जादा पाण्याच्या बाटलीत जातं आणि बाटलीतून बाहेर. झाकणाच्या मध्यावर आणखी एक छोटी झडप असते. इंजिन थंड होताना ती बाटलीतलं पाणी परत आत ओढून घेते. सकाळी बाटली भरलेली आणि रेडिएटर मात्र रिकामा असं दिसत असेल तर ही झडप, बाटलीची बारीक नळी, किंवा नव्या रेडिएटरचं तोंड आणि जुनं झाकण यांचा न जमलेला मेळ, यातलं काहीतरी आहे. नव्या रेडिएटरच्या तोंडाची खोली जुन्यापेक्षा जराशी वेगळी असली तरी जुनं झाकण वर बसलेलं दिसतं, पण दाब धरत नाही. नवं झाकण घेताना त्यावरचा दाबाचा आकडा आधीच्याइतकाच आहे ना ते बघा. जास्त दाबाचं झाकण लावून जुने होजपाइप फोडून घेतलेले लोक मी पाहिले आहेत.

गळती नक्की कुठे आहे हे दाबाच्या हातपंपाने कळतं. इंजिन थंड असताना रेडिएटरच्या तोंडाला पंप लावून झाकणावरच्या आकड्याएवढा दाब द्यायचा आणि वीस मिनिटं ठेवायचं. पंपाचा काटा पडत असेल तर गळती आहे, मग बॅटरी घेऊन सगळीकडे शोधायचं. पलंगाखाली, फरशीखालच्या जोडांवर, क्लिपांपाशीसुद्धा. मागे नेलेले पाइप कूलंटचे आहेत की बागेच्या नळीच्या जातीचे, तेही तपासा. मी दोन गाड्यांत बागेची नळी वापरलेली पाहिली आहे. ती गरम झाली की मऊ पडते आणि क्लिप तिला कापत जाते.

आणि हे वाचून लगेच करा: न्हाणीतलं गरम पाणी एका स्वच्छ पांढऱ्या भांड्यात घेऊन बघा. त्याला रंगाची छटा आहे का, बोटांना बुळबुळीत लागतं का? टाकीतल्या वेटोळ्याला बारीक चीर गेली असेल तर हरवलेलं कूलंट तुमच्या आंघोळीच्या पाण्यात जात असेल. कूलंटमधलं इथिलीन ग्लायकोल विषारी आहे आणि चवीला गोड असतं, म्हणून मुलांना नि कुत्र्यांना त्याचा धोका जास्त. पाणी स्वच्छ दिसलं तरी दाबाची चाचणी होईपर्यंत त्या टाकीचं पाणी चूळ भरायला, भांडी घासायलासुद्धा वापरू नका.

यानंतर हेड. हेड गॅस्केट गेलंच नसेल असं मी म्हणत नाही. गाडी लाल पट्ट्यात किती वेळा गेली आणि किती वेळ चालवली गेली यावर ते अवलंबून आहे. पण हेड न उघडता ते तपासता येतं. सकाळी इंजिन पूर्ण थंड असताना रेडिएटरचं झाकण काढा, पाणी तोंडापर्यंत भरा, इंजिन सुरू करा आणि बघत राहा. सुरुवातीला दोन-चार बुडबुडे आले नि थांबले तर ती अडकलेली हवा. बारीक बुडबुड्यांची माळ सुरूच राहिली, रेस दिल्यावर वाढली, तर सिलिंडरमधला वायू पाण्यात येतो आहे. दुसरी खूण: झाकण लावून सुरू केल्यावर दोन मिनिटांत, पाणी कोमट व्हायच्या आधीच, वरचा होजपाइप दगडासारखा कडक होतो. शंका उरली तर निळ्या द्रवाची चाचणी करा. रेडिएटरच्या तोंडावरची हवा त्या द्रवातून ओढतात. सायलेन्सरमधून जाणारा वायू त्यात मिसळला असेल तर निळा रंग हिरव्या-पिवळ्याकडे झुकतो. तुमच्या भागात चार गॅरेजं विचारलीत तर एकाकडे ते किट मिळेल. यातल्या दोन चाचण्यांनी हेडकडे बोट दाखवलं तरच हेड उघडा. उघडलंच तर नुसतं गॅस्केट बदलून बंद करू नका. हेड लेथवाल्याकडे नेऊन सपाटी बघा आणि चिरा तपासून घ्या. या इंजिनाचा ब्लॉक (सिलिंडर असलेला खालचा भाग) नि हेड दोन्ही बिडाचं आहे. बीड बरंच सोसतं, पण तापलेल्या बिडावर गार पाणी ओतलं की ते तडकतं.

म्हाताऱ्या गाडीची आणखी एक गोष्ट, जी नव्या रेडिएटरने सुटत नाही. अठरा-एकोणीस वर्षांत भाड्याच्या ड्रायव्हरांनी या इंजिनात बोअरचं, ओढ्याचं, ढाब्यावरच्या पिंपातलं, मिळेल ते पाणी घातलेलं असतं. गळती थांबवायला कुणीतरी हळदही टाकलेली असते. हळदीने वेळ निघते हे खरं, मी रस्त्यावर अडलेल्या माणसाला त्याबद्दल बोल लावणार नाही. पण ती नंतर धुऊन काढायची असते, आणि ते कुणी करत नाही. हा सगळा गाळ, गंज आणि क्षार ब्लॉकच्या आतल्या जॅकेटमध्ये, म्हणजे पाणी फिरायच्या पोकळीत, मागच्या सिलिंडरांपाशी तळाला बसतो. तिथली उष्णता पाण्यापर्यंत पोचतच नाही, मग रेडिएटर कितीही नवा असो. ब्लॉकच्या बाजूला पाणी सोडायचा प्लग असतो. तो उघडा. पाणी लगेच धारेने आलं तर बरं. काहीच आलं नाही आणि तार खुपसल्यावर चॉकलेटी चिखल आला, तर फ्लशिंगचं काम आधी करा. थर्मोस्टॅट काढून, उलट्या दिशेने, साध्या नळाच्या दाबाने, पाणी स्वच्छ येईपर्यंत. क्षार फार असतील तर लिंबूसत्वाच्या पाण्याने धुता येतं. पण ॲल्युमिनियमचा नवा रेडिएटर त्या वेळी सुटा ठेवा आणि नंतर ब्लॉक भरपूर साध्या पाण्याने धुवा.

मग भरायचं काय? बॅटरीत घालतात ते डिस्टिल्ड पाणी आणि कूलंट, निम्मं निम्मं. आपल्याकडे बर्फ पडत नाही मग कूलंट कशाला, असं पुष्कळजण विचारतात. गंज रोखायला, पंपाचं सील नि ॲल्युमिनियम टिकायला, आणि उकळण्याचा अंश वाढायला. हिरवं आणि केशरी एकमेकांत मिसळू नका. काही जाती एकत्र आल्या की आत गोळा धरतो. तुमच्यासारखी गाडी वर्षातून आठ महिने उभी असते, त्यामुळे किलोमीटर न मोजता वर्षं मोजा. साधं हिरवं दोन वर्षांनी बदला. होजपाइप चार-पाच वर्षांनी, दिसायला चांगले असले तरी. रबर आतून कुजतं. उभ्या गाडीत उंदीरही होज कुरतडतात, म्हणून प्रवासाआधी हात घालून टोकं दाबून बघायची सवय ठेवा.

कामाचा क्रम मी असा धरेन. आज न्हाणीचं पाणी तपासा. मग थंड इंजिनावर बुडबुड्यांची नि दाबाची चाचणी. हेड ठीक निघालं तर ब्लॉक फ्लश, नवा थर्मोस्टॅट, नवं झाकण, काउलिंग, बेल्ट. मागची टाकी बाजूला काढून एक घाट. सगळं जमलं की टाकी परत जोडा.

घाटात पुन्हा काटा चढायला लागला तर लाल पट्ट्याची वाट बघू नका. नेहमीच्या जागेपासून बोटभर वर गेला की एसी बंद करा आणि एक गिअर खाली घ्या. वरच्या गिअरमध्ये दमवत नेण्यापेक्षा खालच्या गिअरमध्ये थोड्या जास्त फेऱ्यांवर पंप नि पंखा जोरात फिरतात. हीटर असेल तर पूर्ण सुरू करा. आत घाम फुटेल, पण तो दुसरा छोटा रेडिएटरच आहे. तरीही काटा चढला तर रुंद जागा बघून थांबा, चाकांना दगड लावा, घरच्यांना दरीच्या बाजूला नव्हे तर डोंगराच्या बाजूला उतरवा. वाफ किंवा पाणी बाहेर येत नसेल तर इंजिन लगेच बंद न करता दोन-तीन मिनिटं थोड्या रेसवर चालू ठेवा, म्हणजे पाणी फिरत राहून हेड निवेल. वाफ येत असेल तर मात्र तत्काळ बंद. रेडिएटरच्या झाकणाला पाऊण तास हात लावू नका. त्यानंतरही जाड फडक्याने पहिल्या खाचेपर्यंतच फिरवा, फसफस थांबली की मग काढा. पाणी इंजिन सुरू ठेवून, हळूहळू घाला.

एक धोका मी दरवेळी गिऱ्हाइकाला बजावतो. चढता काटा अचानक पडून थंडाकडे आला तर खूश होऊ नका. सेन्सर पाण्यात बुडलेला असला तरच खरं सांगतो. पाणी संपून तो उघडा पडला की काटा खाली येतो आणि इंजिन आत भाजत असतं. माझ्याकडे पूर्ण जाम होऊन आलेली इंजिनं बहुतेक अशीच आली, चालवणाऱ्याने काटा खाली बघून सुटकेचा श्वास सोडल्यावर.

राहिला लेहचा बेत. उंचीवर दोन गोष्टी घडतात. हवा विरळ होते, म्हणून तोच पंखा तेवढ्याच फेऱ्यांत कमी उष्णता उचलतो. आणि पाणी लवकर उकळतं. मनालीहून लेहला जाताना लागणारी टांगलांग ला ही खिंड ५,३०० मीटरच्या वर आहे. तिथे उघड्या भांड्यातलं पाणी ८३ अंशांच्या आसपासच उकळतं. चांगलं झाकण तिथेही पाण्याला ११० अंशांच्या जवळ नेतं, मेलेलं झाकण नेत नाही. म्हणजे सपाटीला तुमच्या गाडीकडे जी सवड आहे ती तिथे जवळजवळ उरतच नाही. रात्रीच्या थंडीसाठी निम्मं कूलंट तर हवंच. त्याने उणे पस्तीसपर्यंत निभावतं.

या जूनमध्ये जाऊ नका असं माझं स्पष्ट मत आहे. आधी वरची कामं करा. मग एप्रिल-मेच्या भर उन्हात, सगळं सामान आणि माणसं भरून, वाईहून पसरणी घाट चढून पाचगणीला जा आणि दुसऱ्या दिवशी कुंभार्ली. दोन्ही घाटांत, न थांबता, काटा निम्म्याच्या आसपास राहिला आणि परत आल्यावर रेडिएटर तोंडापर्यंत भरलेला सापडला, तर पुढच्या वर्षी जुलै-ऑगस्टचा बेत करा. बरोबर वरचा-खालचा होजपाइप, बेल्ट, होज आवळायच्या चार जुबिली क्लिपा, स्वतःला चिकटणारी सिलिकॉनची पट्टी, एक झाकण आणि दहा लिटर तयार कूलंट ठेवा. बुडबुड्यांच्या चाचणीत काय दिसलं ते कळवा. हेड ठीक निघालं तर गाडी विकायचा विषय घरात काढूच नका.